दातांचं सुतक

"काका, तुम्ही जरा तोंड मिटून हसा ना. जास्त छान दिसतं."

जुहूच्या वाळूत, भर उन्हात, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून मी उभा होतो आणि फोटोग्राफर मला हे ऐकवत होता. आमच्या प्रांजलच्या लग्नाआधीचं फोटोशूट होतं. लग्नाआधी मुलामुलीचे फोटो काढतात हे मला ठाऊक होतं. त्यात आईवडिलांनाही पाण्यात उभं करतात हे ठाऊक नव्हतं. त्या माणसाने माझ्या बायकोला, जानकीला, काही सांगितलं नाही. होणारा जावई सर्वेश, त्याला काही सांगितलं नाही. मागे एक कुत्रा येऊन बसला होता, तो तर जीभ बाहेर काढून मनसोक्त हसत होता. त्याला 'फ्रेममध्ये राहू दे, क्यूट आहे' म्हणाला. तोंड मिटायला सांगितलं ते फक्त मला, म्हणजे वधूपित्याला.

घरी आल्यावर मी बाथरूमचे दोन्ही दिवे लावून आरशात पाहिलं. खोटं कशाला बोलू? आमच्या सरकारी कचेरीत जुन्या फायलींच्या कव्हरांचा जो रंग असतो, तोच होता. तीस वर्षं रोज सात कप चहा, शिवाय मधली आठ वर्षं तंबाखू. तंबाखू सोडून बारा वर्षं झाली, पण ती जाताना सामान मागे ठेवून गेली होती.

इथे मी पहिली चूक केली. शेजारच्या अल्फान्सोला विचारलं. अल्फान्सो भांडुपच्या जुन्या गावठाणातला माणूस. तो आणि त्याची बायको पर्पेच्युआ गेली सव्वीस वर्षं आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. त्याला एखादी गोष्ट खासगीत विचारणं आणि नाहूर स्टेशनवर माईक हातात घेऊन बोलणं यात फारसा फरक नाही. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या बाकावर माझे दात हा एकमेव विषय होता.

"मीठ आणि राईचं तेल," अल्फान्सो म्हणाला. "माझा बापूस नव्वदाव्या वर्षी ऊस सोलायचा दातांनी."

"केळ्याची साल. आतली बाजू," बी विंगमधली सर्वेशची मावशी म्हणाली. हे स्थळ तिनेच आणलेलं, त्यामुळे माझ्या एकूण डागडुजीची जबाबदारी आपली आहे असं तिला वाटत होतं.

"कोळसा," आमचे सेक्रेटरी हर्षद मोकाशी म्हणाले. "मी फॉरवर्ड पाठवतो."

आणि मग बाकावरची पाचही माणसं एकदम वाकून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. माणसाची काही अब्रू असते की नाही? मी ताडकन उठलो आणि म्हणालो, "हे बघा, दिसण्यात काय ठेवलंय? माणसाचं मन स्वच्छ पाहिजे. मी दातांना काहीही करणार नाही. देवाने दिलेत तसे नेणार!" अल्फान्सोने टाळ्या वाजवल्या. मावशीच्या डोळ्यांत तर पाणीच आलं.

हे भाषण रविवारी झालं. मंगळवारी संध्याकाळी सहाची अपॉइंटमेंट मी मुलुंडच्या डॉक्टर लिओनाकडे घेतली होती. जानकी आणि प्रांजल सोडून कोणालाही कळता कामा नये, अशी शपथ मी दोघींना देवासमोर घातली. मुलुंड एवढ्यासाठी निवडलं की तिथे आमच्या सोसायटीतलं कोणी नसतं. लग्न होतं त्यानंतरच्या बाराव्या दिवशी, रविवारी.

दवाखाना इतका थंडगार आणि सुगंधी होता की इथे कोणाला काही दुखत असेल असं वाटेना. आधी एक फॉर्म दिला. मी आयुष्यभर लोकांचे फॉर्म तपासले आहेत आणि एक गोष्ट शिकलो आहे: 'हो' लिहिलं की पुढचे तीन प्रश्न येतात. त्यामुळे मी सगळीकडे 'नाही' अशी खूण केली. रक्तदाब? नाही. ॲलर्जी? नाही. दातांना थंड-गरम लागतं का? नाही. आता, गेली चार वर्षं मी आईस्क्रीम वितळवून खातो हे खरं आहे. पण ते काय फॉर्मवर लिहायचं?

"अंकल, नक्की ना?" डॉक्टर लिओनाने विचारलं. "सेन्सिटिव्ह दात असतील तर सांगा. आधी त्याची ट्रीटमेंट करू, मग हे हळूहळू करू. लाजायचं काय त्यात?"

"छे! आमच्या घराण्यात दात म्हणजे दगड," मी म्हणालो.

मग तिने ओठ मागे खेचून धरणारी एक प्लास्टिकची चौकट माझ्या तोंडात बसवली. त्या चौकटीतून माणूस कसा दिसतो हे मला समोरच्या काचेत दिसलं आणि जुहूचा फोटोग्राफर बरा असं वाटलं. हिरड्यांना संरक्षण म्हणून एक लेप, दातांना दुसरा लेप, वर निळा दिवा. "दुखलं तर हात वर करा, मी लगेच थांबेन," ती म्हणाली. पोरगी खरंच चांगली होती. दर पाच मिनिटांनी विचारत होती. मधेच एकदा वरच्या दातातून एक कळ निघाली ती थेट कानात गेली. हात आपोआप उठला. पण घराण्याचे दात नुकतेच दगड ठरले होते, म्हणून मी त्याच हाताने केस सारखे केले.

शेवटी तिने आरसा दिला. पांढरेशुभ्र! खुळ्यासारखे दिसतील असे नव्हे, माणसासारखे पांढरे. साठीला टेकलेल्या माणसाला स्वतःचं तोंड बघून बरं वाटावं, हे कोणाला सांगण्यासारखं नाही, पण मला वाटलं.

"आता अठ्ठेचाळीस तास जपा," ती म्हणाली. "चहा, कॉफी, हळद, मसाला, सोलकढी, काही नाही. डाग पटकन बसतात. भात, दही, दूध, केळं. पांढरं तेवढंच खायचं. थोड्या कळा येतील, एक-दोन दिवसांत जातील. जास्त वाटलं तर फोन करा, काहीतरी करता येतं."

बाहेर रिक्षात बसलो, रिक्षा सुटली, समोरून वारा आला आणि मला 'दुखतं' या शब्दाचा खरा अर्थ समजला. एकेका दातात कोणीतरी टाचणी घालून फिरवत होतं. मी रुमाल तोंडावर दाबला तो घर येईपर्यंत काढला नाही. जानकीने दार उघडल्या उघडल्या विचारलं, "अहो, दुखलं का?"

"मुळीच नाही," मी रुमालाच्या आतून म्हणालो.

आता आमचं घर मालवणी. आमच्याकडे बुधवारी मासे नसतील तर पाहुणेसुद्धा काळजीने विचारतात. जानकी म्हणाली, "तुमच्यासमोर आम्ही बांगड्याचं तिखलं खायचं आणि तुम्ही दहीभात घेऊन आमच्या ताटांत बघत बसायचं, त्यापेक्षा दोन दिवस सगळेच पांढरं खाऊ." बायको म्हणून ही किती मोठी गोष्ट आहे हे मालवणी माणसालाच कळेल. पण त्या वेळी तिलाही सुचलं नाही आणि मलाही नाही, की आमच्यात घरातली हळद आणि फोडणी बंद कधी होते.

बुधवारी सकाळी नीलम आली. ती कोळीण गेली पंधरा वर्षं बुधवार-रविवार आमच्या दारात पाटी उतरवते. जानकीने तिला दारातूनच परत पाठवलं. "नको गं, दोन दिवस काही नको."

"का गो बाय? काय झालं?"

जानकीला देवासमोरची शपथ आठवली. "काय सांगू," म्हणाली आणि दार लोटलं. पण त्याआधी नीलमने आत पाहिलं होतं. मी सोफ्यावर बसलो होतो, अंगात पांढरा बनियन, तोंडावर रुमाल, डोळ्यांतून पाणी, आणि समोर बिनफोडणीचा दहीभात.

नीलम त्यानंतर आमच्या इमारतीत अकरा घरी गेली.

दुपारी बेल वाजली. पर्पेच्युआ डबा घेऊन उभी होती. मागे अल्फान्सो, हातात टोपी, आणि तोंडातून एक शब्द नाही. अल्फान्सो गप्प उभा आहे हे दृश्य मी सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"भात हाय, न् साधं वरण," पर्पेच्युआ हळू आवाजात म्हणाली. "हळद नाय घातली, फोडणी नाय दिली. मला ठाऊक हाय तुमच्यातलं. पोरीसाठी तरी दोन घास खा, भाऊ."

म्हणजे हिला माझे दात कळले! मला इतकी लाज वाटली की मी मान खाली घातली आणि रुमाल घट्ट दाबून नुसते हात जोडले. पर्पेच्युआने जानकीला मिठी मारली. जानकीला वाटलं, लेकीचं लग्न जवळ आलं म्हणून असेल. तिलाही भरून आलं आणि तीही थोडी रडली. चौघांपैकी कोणीही काही विचारलं नाही. इतका समजूतदार शेजार मिळायला भाग्य लागतं असं मी मनाशी म्हणालो.

संध्याकाळी प्रांजल ऑफिसातून आली ती धापा टाकत. "पप्पा, मावशी खाली माझ्या गळ्यात पडून रडली!"

"का? कोण गेलं?"

"तिला माहीत नाही. आपल्या घरी फोडणी बंद आहे म्हणाली."

मग आम्ही तिघंही स्वयंपाकघराकडे बघत बसलो. ओट्यावर पर्पेच्युआचा डबा होता. माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याच क्षणी वरच्या दातातून कळ गेली.

तोपर्यंत नोटीस बोर्डावर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोकाशींचं पत्रक लागलं होतं: 'ए विंग, ३०४, घाडीगावकर कुटुंबाच्या दुःखात आपण सर्व सहभागी आहोत. सदर कुटुंबास मेंदीच्या कार्यक्रमासाठी दिलेली गच्चीची परवानगी व इमारतीवरील रोषणाई पुढील सूचनेपर्यंत स्थगित.' खाली चौसष्ट जणांनी हात जोडले होते. त्यात एक मीही होतो. न वाचता जोडायची सवय, काय करणार.

"पप्पा, सांगून टाक ना दातांचं. सगळे हसतील आणि विसरतील," प्रांजल म्हणाली.

"मुळीच नाही," मी म्हणालो. रविवारचं ते भाषण माझ्या कानात वाजत होतं. "कोणी गेलं नाही एवढं सांगितलं की पुरे. मी बघतो उद्या."

गुरुवारी सकाळी मी मोकाशींच्या ऑफिसात गेलो, म्हणजे पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत. माणूस वाईट नाही, पण त्यांना कागदाशिवाय श्वास घेता येत नाही. ते जागेवरून उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. थंड पाणी. मी मागे सरलो.

"मोकाशी, आमच्याकडे कोणी वारलेलं नाही."

"पहिले काही दिवस असं वाटतं, घाडीकाका."

"अहो, खरंच नाही! ती नोटीस काढा."

त्यांनी फाईल उघडली. "काढतो की. अर्ज द्या. आणि संबंधित व्यक्तीच्या हयातीचा दाखला जोडा."

"संबंधित व्यक्ती कोण?"

"ते तुम्ही सांगायचं. कोण वारलं ते कळल्याशिवाय तो जिवंत आहे याचा दाखला मी कसा मागणार?"

तीस वर्षं मी लोकांना अशीच उत्तरं दिली, पण खिडकीच्या या बाजूने ती ऐकायची ही पहिलीच वेळ. मी भाऊबंदांत सर्वांत वयस्कर कोण ते आठवलं आणि तिथूनच गावच्या धोंडूकाकांना व्हिडीओ कॉल लावला. काका एक्क्याण्णव वर्षांचे. पडद्यावर आधी त्यांचा कान आला, मग नाक, मग आवाज.

"मी मेलंय? कोणी सांगल्यान? अरे, सकाळी पेज जेवलंय, आता आडाळीर बसान नारळ खवणतंय! आणि तू थंय माझ्या नावान फोडणी बंद करून बसलंस?"

मोकाशींनी पडद्याला नमस्कार केला आणि फाईल मिटली. "हे हयात आहेत हे सिद्ध झालं. पण दुसरं कोणी गेलेलं नाही, हे यातून सिद्ध होत नाही."

मी घरी परत आलो तेव्हा प्रांजल फोन हातात धरून बसली होती. सर्वेशचा फोन येऊन गेला होता. मावशीने बोरिवलीला कळवलं होतं, आणि सर्वेशचे वडील चंद्रप्रकाशराव संध्याकाळी भेटायला येणार होते. हे निवृत्त मुख्याध्यापक. बैठकीतच त्यांनी सांगितलं होतं की आमच्यात सुतक म्हणजे सुतक. ते आलं की तीन महिने मंगलकार्य नाही. आणि सर्वेश जहाजावर नोकरीला. लग्नानंतर नऊ दिवसांनी तो बोटीवर चढणार होता, तो आठ महिने. म्हणजे लग्नाचा हा रविवार गेला तर पुढचं लग्न जवळजवळ वर्षाने.

"त्यांना वाटतंय आपण लपवतोय," प्रांजल म्हणाली. "लग्न व्हावं म्हणून."

एवढं बोलून ती आत गेली. मला एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. हे मात्र मला लागलं. दातांपेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी सहाला चंद्रप्रकाशराव आले. पांढरा सदरा, चेहरा गंभीर. बरोबर मावशी. ते आले हे बघून मोकाशी फाईल घेऊन आले. मोकाशी आले हे बघून अल्फान्सो आणि पर्पेच्युआ आले. जानकीने पंखा पाचवर लावला आणि सगळे बसले. मी रुमाल दाबला.

"कोण गेलं?" चंद्रप्रकाशरावांनी विचारलं.

"कोणी नाही."

"घाडीगावकर, मी चौतीस वर्षं शाळा चालवली. खोटं बोलणारा मुलगा मला लांबून ओळखता येतो. मासळी बंद, फोडणी बंद, शेजारी डबा देतायत, तुमच्या डोळ्यांत पाणी, आणि तोंडावरचा रुमाल कालपासून निघाला नाही म्हणतात. मुलीचं लग्न व्हावं असं कोणत्याही बापाला वाटतं, मला कळतं ते. पण सुतक लपवून नका करू. माझ्या मुलाचंही भलं नाही त्यात आणि तुमच्या मुलीचंही नाही."

यात त्यांचं काही चुकत नव्हतं, हीच अडचण होती. नाही म्हणण्याने काही होणार नव्हतं. आत स्वयंपाकघराच्या दारात प्रांजल पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती, ट्रेकडे बघत होती. पोरीने साताठ महिने मोजून काढले होते या रविवारसाठी, आणि मी तिथे बसून एका बाकावरचं भाषण सांभाळत होतो. मला माझीच शिसारी आली.

मी रुमाल काढून खिशात घातला.

"मी दात पांढरे करून घेतले," मी म्हणालो. "परवा. मुलुंडला. डॉक्टरने दोन दिवस पांढरं खायला सांगितलंय. हळद चालत नाही. दात दुखतायत म्हणून डोळ्यांत पाणी. हे बघा."

आणि मी हसलो. सगळ्यांसमोर, सुतकाला आलेल्या माणसांसमोर, दाढा दिसेपर्यंत तोंड उघडून हसलो. पंख्याचा वारा थेट आत गेला. पापण्या आपोआप मिटल्या, गालांवरून पाणी ओघळलं, पण मी तोंड मिटलं नाही. खात्री पटायला हवी होती.

मग पर्पेच्युआ उठली, माझी हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं आणि वरची रांग, खालची रांग नीट तपासली. "खरंच की वो," ती म्हणाली.

"आयला घाडी, झकास!" अल्फान्सो ओरडला. दोन दिवस कोंडलेला आवाज त्याचा. "आणि मन स्वच्छ पाहिजे म्हणून मी टाळ्या वाजवल्या रे तुझ्यासाठी!"

"केळ्याच्या सालीने एवढे झाले नसते, नाही?" मावशीने पडेल आवाजात विचारलं.

"अर्जात लिहून द्या," मोकाशी म्हणाले. "कारण, दात."

आणि दारात प्रांजल हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग ट्रे खाली ठेवून, मग भिंतीला टेकून खाली बसून. जानकी तिला गप्प करायला गेली आणि तीही हसायला लागली. मी आयुष्यात इतका हास्यास्पद कधी झालो नव्हतो आणि मला इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं.

हसले नाहीत ते एकटे चंद्रप्रकाशराव. ते उठले आणि म्हणाले, "घाडीगावकर, जरा गॅलरीत येता?"

गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीमागे आम्ही दोघं उभे राहिलो. त्यांनी दार ओढून घेतलं.

"रविवार नक्की," ते म्हणाले. "ते काही बोलायला बोलावलं नाही." मग त्यांनी आत कोणी बघत नाही ना ते पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "खरं सांगा. फार दुखतं का हो?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी क्षणभर ओठ उघडले आणि लगेच मिटले. या माणसाला मी सात महिन्यांत कधी हसताना पाहिलं नव्हतं. मुलाकडचे आहेत, त्यांच्यात असंच असतं, असं मी धरून चाललो होतो.

"दुखतं," मी म्हणालो. या प्रश्नाला दोन दिवसांत मी पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं आणि बरं वाटलं. "पण माझं जास्त दुखलं त्याचं कारण मी फॉर्मवर खोटं लिहिलं. तुम्ही तिला सगळं खरं सांगा. चांगली आहे पोरगी, थांबून थांबून करते. दोन दिवस कळा येतात, मग जातात."

"तुम्ही बरोबर याल? सर्वेशच्या आईला नाही कळलं पाहिजे. घरात कोणालाच नको."

आता गेले सात महिने मी या माणसासमोर मान खाली घालून उभा होतो. हॉल त्यांनी ठरवला, तारीख त्यांनी ठरवली, जेवणात वांगं नको हेही त्यांनीच ठरवलं, आणि मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणालो.

"येतो," मी म्हणालो. "पण एक अट आहे. आधी घरात सांगायचं, शेजारी सांगायचं, आणि तुमच्या सेक्रेटरीला लेखी द्यायचं. त्याशिवाय मी अपॉइंटमेंट घेणार नाही."

चंद्रप्रकाशरावांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. मुलीचं लग्न ठरल्यापासून मी घातलेली ती एकच अट, आणि मुलाकडच्यांनी ती विनातक्रार मान्य केली.